ऋतुजाला सांगितलंस का?

प्रिय बाय,

पत्र टाइप करून पाठवतेय, कारण माझं हाताचं अक्षर तुझ्या फोनला वाचता येत नाही. म्हणजे हे सगळं तू त्या फोनमधल्या बाईच्या आवाजात ऐकणार. ती भलत्याच ठिकाणी थांबते, म्हणून वाक्यं लहान ठेवतेय. ऱ्हस्व-दीर्घ दादाने बघितलंय, मजकूर माझाच.

रविवारी तू फोन ठेवलास. ठेवलास कसला, आपटलास. अभ्यासाला मदत करणाऱ्या त्या ॲपची फुकटची मुदत संपली, आता ती कोचिंगवाली ताई दर आठवड्याला बोलणार नाही, असं तू सांगत होतीस. मी मध्येच विचारलं, तुझ्या खोलीतल्या ऋतुजाला सांगितलंस का? त्यावरून बिनसलं. तर तो विषय आज काढत नाही.

आधी पैशांचं. बाबा म्हणाले, भरून टाक म्हणावं. बंदी १ ऑगस्टला उठली, नारळी पौर्णिमाही झाली, पण वारा पडत नाहीये आणि अर्ध्या होड्या अजून आतच आहेत. तरी म्हणाले. तुला वाटतं बाबांना हे ॲपबिप पटत नाही. अगो, त्यांना माझ्याआधी पटलं. आजोबा सुवर्णदुर्ग आणि मागचा डोंगर रेघेत धरून जाळ्याची जागा काढायचे. बाबा जीपीएस बघतात, तेवढ्यावरून बंदरात कुणी त्यांना कच्चा तांडेल म्हणत नाही. पण होडीवर वायरलेसही असतो ना, आणि १६ नंबरचा चॅनेल सगळे उघडा ठेवतात. इंजिन बंद पडलं तर जीपीएसला सांगून काय उपयोग?

बघ, आलेच फिरून तिथे.

तू ते बॉडी डबलिंग समजावलंस तेव्हा मला हसू आलं होतं. कॅमेऱ्यासमोर दुसरं कुणीतरी आपलं काम करत बसतं आणि त्या सोबतीने आपलाही अभ्यास होतो. मग दहावीला मी तुझ्यासमोर कोलंबी सोलत बसायचे ते काय होतं? सोड्यांसाठी पाटी भरून यायची. बोटं चरचरायची, पण मी उठले की तू उठायचीस, म्हणून उठायचे नाही. इतिहासाचं पुस्तक पाटाला टेकवून मी मोठ्याने वाचायचे, पान तू उलटायचीस. एखाद्या दिवशी विसरून मीच उलटायचे. शेवटी बाईंनी वर्गात विचारलं, वास कसला येतोय. तू आल्यावर रडलीस आणि मग तेच पान न बघता धडाधड म्हणून दाखवलंस. ध आणि घ, भ आणि म यांत अडकणारी पोरगी ती हीच. माईआत्या अजून म्हणते, लक्ष नसतं तिचं. म्हणू दे.

मुंबईला तपासणी झाली तेव्हा कागदावर दोन शब्द आले, डिस्लेक्सिया आणि एडीएचडी. एकात वाचता-लिहिताना अडखळायला होतं, दुसऱ्यात लक्ष एका जागी टिकत नाही. त्या दाखल्यासाठी बाबांनी ऐन हंगामात होडी बांधून ठेवली होती. तो फाइलमध्ये ठेवायला नाही काढला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ते तुझं 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यात नावानिशी आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते नव्हतंच. एडीएचडीचं नाव तिथे वेगळं नाही, म्हणून डिस्लेक्सियाचा कागद पुढे करायचा. तासाला २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. गरज पडली तर लेखनिक. हे मागायला तुझ्या कॉलेजातही समान संधी कक्ष आहे, गेल्या वर्षी पाटी मी स्वतः बघितली. आत माणसं बसलेली असतात. त्यांना तोंडाने सांगावं लागतं, आपण कोण आणि आपल्याला काय लागतं. तुझ्या वाटणीचा वेळ तू न मागता सोडून देतेस आणि मग पेपर अर्धा राहिला म्हणून

झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

ॲपवर माझा राग नाही. मोठं काम तोडून छोटं करून देतं, धडा वाचून दाखवतं, तू बोलशील ते लिहून घेतं. ते २५ मिनिटांचं घड्याळ तर मीही लावते, बचत गटाचा हिशेब करताना. इटलीतल्या कुणा विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ते सुरू केलं, हे तूच सांगितलंस. गटातल्या बायकांना मी ते सांगून झालंय.

पण गेल्या दिवाळीआधीचा तो आठवडा माझ्या डोक्यातून जात नाही. रोज ॲपवर पाच चेहरे यायचे, आज कसं वाटतंय म्हणून. तू मला नंतर दाखवलंस, रोज हसरा दाबलेला. मेसमध्ये गेली नव्हतीस, दोन असाइनमेंट राहिल्या होत्या, पडदा ओढून पडून होतीस, आणि फोन तुला शाबासकी देत होता. त्याचा काय दोष? सांगितलं ते त्याने लिहून घेतलं. ती ताई माणूस होती, मान्य. पण ती बंगळुरूत बसून तुला आठवड्यातून एकदा बघणार, तेही तू कॅमेरा लावलास तर. तेव्हा खोलीत तू एकटी होतीस. आता ऋतुजा आहे. तिने तुझा चेहरा नाही, ताट बघितलं असतं.

इथे रात्री फोन वाजला की बाबा आधी उठून बसतात. मला सांगत नाहीत, मी झोपलेय असं त्यांना वाटतं.

तुझ्या सरांनी भिंतीवर लावलेल्या नकाशाचा फोटो बाबांनी मोठा करून बघितला. हर्णैपासून आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, खडक बरोबर जागी दाखवलेत पोरीने. संध्याकाळी लिलाव सोडून सगळ्यांना फोन दाखवत होते. घोळीचा भाव गेला हातचा, पण त्याचं काही नाही.

दादा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याकडे दाखल्याच्या झेरॉक्स देते, ॲपचे पैसे तोच भरेल. सोमवारी कक्षात जा. जाऊन आलीस की नुसतं 'गेले होते' एवढं पाठव, मी फोन करून पिडणार नाही.

सोड्यांचा डबा दोघींना मिळून आहे. ऋतुजा मासे खाते का मला माहीत नाही, विचारून ठेव. आणि तिच्याशी बोलतेच आहेस तर

तुझी,
आई