स्काउटची टोळी मुलांच्या हाती राहू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या १५ ऑगस्टला इंदूरमधल्या एका शाळेच्या संचलनात गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले दिसली, म्हणून कार्यक्रम संपल्यावर त्यांतल्या एकाला मी कौतुकाने विचारले, "तुझी टोळी कोणती?" तो गोंधळून शिक्षकांकडे पाहू लागला. गणवेश नवाकोरा होता. पण टोळी म्हणजे आपल्यातल्याच एका नायकाच्या हाताखाली काम करणारा स्काउट मुलांचा छोटा गट, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते. अनेक वर्षे याच शहरात स्काउट शिक्षक म्हणून काम केलेल्या मला त्याचे फार वाईट वाटले.

१९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा सधन घरची आणि कामगारांची मुले एकत्र आणून त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळी त्यांच्यातल्याच एकाच्या हवाली केली. मुलांनी मुलांना सांभाळायचे, हा या चळवळीचा प्राण आहे. सुरुवातीला आपल्या मुलांना तिचे दार बंद होते, म्हणून पं. मदनमोहन मालवीय आणि पं. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसे सेवा समितीची स्वतंत्र स्काउट संघटना उभारण्यात पुढे आली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एकत्रित संस्था अस्तित्वात आली. एवढ्या खटपटीने मिळवलेली गोष्ट आपण संचलनापुरती आणि प्रमाणपत्रापुरती ठेवावी का?

इंदूरजवळच्या सिमरोलच्या बाजूला घेतलेल्या एका शिबिरात मध्यरात्री पाऊस आला. सुती दोर भिजला की आखडतो आणि तंबूचे खुंटे उपटले जातात, हे मुलांना शिकवलेले होते. मी जागा होतो, पण मुद्दाम उठलो नाही. तेरा वर्षांचा एक टोळीनायक हातात विजेरी घेऊन बाहेर आला, त्याने आपल्या तंबूचे ताण सैल केले आणि मग, कुणी न सांगता, शेजारच्या टोळीच्या तंबूचेही केले. सकाळी त्याने त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. स्काउटच्या नऊ नियमांतला बंधुभाव त्या मुलाने पाठ म्हणून दाखवला असता, तर मला इतका आनंद झाला नसता.

पालकांनाही एक विनंती आहे. 'खरी कमाई' या स्काउटांच्या स्वकष्टाने पैसे मिळवण्याच्या उपक्रमाच्या वेळी मुलाने कुणाचे अंगण झाडून, कुणाची सायकल पुसून दहा रुपये आणायचे असतात. पण अनेक घरांतून मुलाचा अभ्यासाचा वेळ जाऊ नये म्हणून सरळ पन्नासाची नोट दिली जाते. नोट जमा होते, कमाई मात्र होत नाही.

२०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिल्या आलेल्या आपल्या शहरात नागरिकाची शिस्त काय असते, हे मुले रोज दारात पाहतात. ती पाहण्याबरोबर पार पाडण्याची संधीही त्यांना मिळावी. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, रात्री पाणी देणे, चुकलेल्या लहानग्यांना मदत केंद्रापर्यंत पोचवणे अशी कामे आपल्या मराठी मंडळांनी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, स्काउट-गाइडच्या टोळ्यांवर विश्वासाने सोपवावीत. शाळांनी आठवड्यातून एक तासिका त्यांच्यासाठी राखावी आणि त्या तासिकेत टोळीसभा टोळीनायकालाच घेऊ द्यावी. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त स्काउट शिक्षक, इंदूर