कर्नलसाहेब, तुम्ही आधी टेप मागितलात

आदरणीय कर्नलसाहेब,
स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून जाहीरच लिहितेय. आता रागवायचं तर सगळ्यांदेखत रागवा.

लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फायटर पायलट व्हायचं म्हणत होती. नाशिकरोडला आमच्या डोक्यावरून इथल्याच गांधीनगरच्या आर्मी तळाची हेलिकॉप्टरं रोज जातात, तरी आम्हाला वर्दीतला पायलट म्हणजे एअर फोर्सचा, एवढंच ठाऊक. एका क्लासवाल्यानं पाऊण लाख सांगितले. वर म्हणाला, पायलट निवडायची मशीनवरची परीक्षा हुकली तर पुन्हा देता येते. मी पाटल्या मोडायला निघाले होते. तुमच्याकडे आले ती काकूंचे ब्लाउज द्यायला, आणि सहज बोलून गेले.

तुम्ही म्हणालात, "टेप आहे ना पिशवीत? आधी मापं घ्या."

तीस वर्षं मापं घेतेय, पण बसलेल्या माणसाची उंची कधी मोजली नव्हती. लेकीला भिंतीला पाठ टेकवून बसवलंत आणि माझ्याकडून मोजून घेतलंत. बसून उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पाय ९९ ते १२०, मांडीची लांबी ६४ च्या आत. कॉकपिटमध्ये माणूस नीट बसला पाहिजे, पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत, एवढा साधा हिशोब. पाय १०१ भरला तेव्हा कुठे तुम्ही चहा मागितलात. मशीनची ती परीक्षा, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते हेही तेव्हाच कळलं. नापास झालं की फ्लाइंगचं दार बंद. क्लासवाला हे जाणूनबुजून लपवत होता की त्यालाच माहीत नव्हतं, कोण जाणे. पाटल्या वाचल्या.

तुम्ही स्वतः तोफखान्यातून आर्मी एव्हिएशनला गेलेले, सियाचिनला चीता हेलिकॉप्टर उडवलेले. मला वाटलं, आता आर्मीचीच बाजू घेणार. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये इथे नाशिकलाच शिकून आर्मीची पहिली महिला लढाऊ वैमानिक झाली, हे तुम्ही सांगितलंत, पण तेवढंच. एअर फोर्समध्ये गेलं म्हणजे फायटर मिळतंच असं नाही, हेही सांगितलंत. पहिल्या टप्प्यानंतर गुण आणि गरज बघून फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी वाटणी होते. ऐकून लेकीचा चेहरा उतरला. मग तुम्ही तिला विचारलंत, "समज, उद्या कानाचं किंवा पाठीचं काही निघालं आणि उडणं बंद झालं. मग त्या वर्दीत तुला कुठं राहायला आवडेल? तोफांजवळ, एअर फोर्सच्या तळावर, की बोटीवर?"

ती आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी म्हणाली, "बोटीवर."

समुद्र म्हणजे आमच्यासाठी हरिहरेश्वरची एक सहल. मी तर विचारलं, नेव्हीत विमानं कशाला? तुम्ही हसला नाहीत. वहीच्या पानावर गोव्याचा नौदलाचा हंसा तळ काढून दाखवलात. तिथलं पी-८आय हे बोइंग ७३७ च्या सांगाड्यावर बांधलेलं, पाणबुड्या शोधणारं विमान. विक्रांत या विमानवाहू बोटीवरून मिग उडतात, तेही पुढं उचललेल्या धावपट्टीवरून, आणि उतरताना तारेत हुक अडकवून थांबतात. हे ऐकून मला रात्रभर झोप नाही, तिला मात्र लागली! नौदलाच्या पोरीही आधी हवाई दलाच्या हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत उडायला शिकतात, शिवांगीही तिथं शिकून मगच २०१९ ला कोचीत नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, हे कळल्यावर तिच्या बाबांचीही कुरकुर थांबली.

अर्ज तिनं एअर फोर्स आणि नौदल, दोन्हीकडे केले होते. नौदलाचं पत्र आलं. शुक्रवारी मंगला एक्सप्रेसनं केरळात पय्यनूरला उतरेल, तिथून एझिमालाची नौदलाची अकादमी. बॅगेत तिनं माझा जुना टेप टाकलाय, कशाला ते सांगत नाही.

स्टेशनवर याल ना? काकूंना सांगा, दिवाळीचे दोन ब्लाउज तयार आहेत. शिलाई विचारू नका.

आपली,
नाशिकरोडची शिलाईवाली ताई