गळती छताच्या वर आहे

महोदय,

उन्हाळा आला की विजेच्या बिलाची आणि एसीच्या तापमानाची चर्चा सुरू होते. एसी २४ वर ठेवा, एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहे. १ जानेवारी २०२० पासून तर स्टारवाले घरगुती एसी चालू केले की आपोआप २४ वरच येतात. उत्तमच आहे. पण मोठ्या कचेऱ्या, रुग्णालये, नाट्यगृहे यांतली थंड हवा बहुधा भिंतीवरच्या एसीतून येत नाही. ती एएचयूमधून, म्हणजे हवा गार करून पंख्याने पुढे ढकलणाऱ्या मोठ्या यंत्रातून निघते आणि पत्र्याच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद मार्गातून, फॉल्स सीलिंगच्या वरून आपल्यापर्यंत येते. मी नोकरीची तीस वर्षे या डक्टच्या मागे काढली. तिथे डोकावायला कोणी तयार नसते.

एका कचेरीचे सांगतो. तक्रार नेहमीचीच : मजल्याच्या टोकाला असलेल्या साहेबांच्या केबिनमध्ये गारवा पोचत नाही. इकडे एएचयूजवळ बसणाऱ्या बायका मे महिन्यात स्वेटर घालून. एकीने तर डोक्यावरच्या जाळीला चिकटपट्टीने वर्तमानपत्र लावले होते (आपल्याच दैनिकाची रविवार पुरवणी, राग नसावा). साहेब म्हणायचे, अजून दोन अंश खाली घ्या. मग स्वेटरवर शाल.

शिडी लावून वर डोके घातले. केबिनकडे जाणारा फ्लेक्सिबल डक्ट कोणा केबलवाल्याने दाबून चपटा केलेला. पंख्याच्या तोंडाशी असलेला कॅनव्हास फाटलेला. डक्टच्या जोडांपाशी अगरबत्ती धरली तर धूर आडवा पळत होता. म्हणजे पैसे मोजून गार केलेली हवा फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीत चालली होती. एएचयूच्या खोलीत झाडू, जुन्या फायली आणि गेल्या वर्षीचे गणपतीचे मखर; परतीच्या हवेने त्यातून वाट काढायची. फिल्टरवर मांजराच्या अंगासारखी लव.

दोन दिवसांत सीलंट, कॅनव्हासचा नवा तुकडा, फिल्टरची धुलाई झाली. मग एकेका जाळीवर हवा मोजत डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, जुळवले. यंत्र तेच, तापमान २४, आणि केबिन गार. पुरवणीही खाली उतरली.

अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय वेगळाच असतो : पुली बदला, पंखा पळवा. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट केला की वीज जवळजवळ दुप्पट लागते, आणि २० टक्के कमी केला तर निम्म्यावर येते. शिवाय पंख्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन बहुतेक त्याच थंड हवेत मिसळते. ती काढायला चिलरला, म्हणजे गारवा तयार करणाऱ्या मुख्य यंत्राला, पुन्हा वीज. एकाच गळतीचे बिल आपण दोनदा भरतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून गरजेपुरताच पंखा फिरवता येतो, पण बसवलेले व्हीएफडीही ‘फुल’वर ठेवून विसरलेले मी पाहिले आहेत.

व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. डक्टचे इन्सुलेशन, पंख्यांची कार्यक्षमता हे सगळे तिच्यात आहे. पण जुन्या इमारतींचे काय? मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत इन्सुलेशन फाटले की गार पत्र्याला घाम सुटतो आणि फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग पडतात. त्यावर रंग मारून मोकळे होतात.

सार्वजनिक इमारतींच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) निविदांत ‘फिल्टर सफाई’ एवढी एक ओळ असते. त्यात वर्षातून एकदा डक्टची गळती तपासणे आणि प्रत्येक जाळीवर हवा मोजून तो तक्ता सादर करणे, एवढे दोन मुद्दे घालावेत. नवीन यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव आला की आधी तो तक्ता मागावा.

आपला,
एक निवृत्त वातानुकूलन तंत्रज्ञ, ठाणे