अंगण माझं, गटार तुमचं

मा. पाणीपुरवठा मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

काल आमच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला. १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, एकही असू नये, आमच्या पाण्यात आहेत. नायट्रेट, म्हणजे मैल्यातून-खतातून झिरपणारा क्षार, लिटरमागे ७८ मिलिग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५०. कुंपणापलीकडचं फुटकं गटार तीन महिन्यांत बंदिस्त करू, असं आपण माईकवरून सांगितलंत, त्याला दोन पावसाळे झाले.

तक्रार घेऊन गेलो, तर हातात रंगीत पत्रक ठेवलं: घराभोवतीचं पाणी कसं जपावं. साहेब, ते सगळं मी आधीच करतोय. सेप्टिक टँक दर तीन वर्षांनी उपसून घेतो. गाडीचं जळकं ऑइल डब्यात साठवून गॅरेजला देतो. आभाळ भरलं की खत टाकत नाही. पहिलीच सर ते धुऊन नेते आणि पुढे तळ्यात शेवाळ माजतं. उरलेला रंग मोरीत ओतत नाही. बायको विचारते, हे अंगण आहे की ऑपरेशन थिएटर?

पत्रकाचा कळस म्हणजे ‘पाणी उकळून प्या’. वा! उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं. घरात चार महिन्यांची नात आहे, बाटलीच्या दुधावर. या वयात नायट्रेटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, बाळ निळं पडतं. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून मी रात्री उठून टॉर्चने तिचे ओठ बघतो. गुडघे गेलेत, तरी तिच्यापुरतं पाणी कॅन भरून मीच आणतो. आपल्या बंगल्यावर कोण आणतं?

जगातलं ८० टक्क्यांहून जास्त सांडपाणी पुरेशा प्रक्रियेविना सोडलं जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या जल अहवालात छापलं होतं. शंभरातल्या ऐंशी बादल्या! त्या काय माझ्या मोरीतून गेल्या? निविदा निघते, मोजमाप होतं, पुन्हा निविदा निघते. कराची नोटीस तेवढी वेळेवर येते. पत्रकं छापायला पाइप लागत नाहीत, म्हणून पत्रकं छापता.

गटार बुजवून पाइप टाका, पावसाळ्यानंतर सगळ्या विहिरी तपासा, तोवर टँकर पाठवा. पत्रक सोबत परत जोडलं आहे. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर कामाची तारीख लिहून धाडा.

आपला,
अंगण स्वच्छ असलेला एक नागरिक