बरोक संगीतात सगळं लिहिलेलं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला संगीतावरचा लेख आवडला, पण त्यातला एक मुद्दा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे कलाकार गाता गाता रचत जातो आणि वेस्टर्न क्लासिकलवाले समोरचा कागद वाजवतात, म्हणजे भावना संगीतकाराची आणि वाजवणारा नुसता निरोप्या, असा त्याचा सूर होता. पुढच्या काळातल्या बऱ्याच संगीताबद्दल असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण साधारण १६०० ते १७५० हा जो बरोक काळ आहे त्याला हे अजिबात लागू होत नाही, आणि हा गैरसमज आमच्या घरात एका मुलीला चांगलाच महागात पडलाय म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी व्हायोलिन शिकते. गेल्या वर्षी तिने परीक्षेसाठी कोरेल्ली या बरोक काळातल्या इटालियन संगीतकाराच्या सोनाटातला (वाद्यासाठीच्या, अनेक भागांच्या रचनेतला) एक संथ भाग बसवला होता. कागदावर लांब लांब, मोकळे स्वर. तिने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा थोडी भरली, एके ठिकाणी स्वर जरा उशिरा घेतला. मला तर ऐकताना पोटात कालवलं. शेरा काय आला, तर 'जे लिहिलं आहे तेवढंच वाजवावं'. पोरगी घरी आली ती रडतच, आणि मग महिनाभर तिने तो भाग असा वाजवला की जणू पाढे म्हणतेय.

मग मी शोधायला बसले. कोरेल्लीच्या या सोनाटा १७०० साली रोममध्ये छापल्या गेल्या, आणि १७१० च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या रोजे नावाच्या प्रकाशकाने त्यातल्या पहिल्या सहांचे संथ भाग परत छापले, 'कोरेल्ली स्वतः वाजवतात तसे' असं म्हणून. हे पान एकदा बघाच. एका ओळीत तोच साधा लांब स्वर, आणि दुसऱ्या ओळीत त्याच जागी बारीक स्वरांची नुसती गर्दी, चढतात, घरंगळतात, मधेच थबकतात. ते अलंकार खरंच कोरेल्लीचेच का, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, पण संथ भाग कोरा वाजवायचा नसतो हे सगळ्यांनीच धरलेलं होतं. साधी ओळ म्हणजे आराखडा, आणि रंग वाजवणाऱ्याने त्या वेळी भरायचा.

खालची बासची, म्हणजे साथीच्या खालच्या स्वरांची, ओळ तर आणखी मोकळी. तिथे स्वर आणि त्यांच्यासोबत आकडे, बस. ६ लिहिलं की त्या स्वरापासून तिसरा आणि सहावा घ्यायचा. पण हा स्वरांचा मेळ दोन्ही हात भरून वाजवायचा, की दोनच बोटांनी, एकदम दाबायचा की एकेक स्वर उलगडत न्यायचा, हे हार्पसिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा) गाणाऱ्याकडे बघून ठरवणार. शब्द दुःखाचा आला की तो हात आवरता घेऊ शकतो. आता ही भावना कागदावर कुठे लिहिलीय सांगा?

माँटेव्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या 'ऑर्फिओ' या १६०७ च्या ऑपेरात तर मला हे सगळ्यात लख्ख दिसतं. बायको मेलीय, ऑर्फिओ पाताळाच्या नदीवर नावाड्याची मनधरणी करतोय, आणि नेमक्या त्या गाण्याला छापील प्रतीत गाणाऱ्यासाठी दोन ओळी दिल्यात, एक साधी, एक अलंकारांनी भरलेली, आणि सूचना अशी की दोन्हीतली एकच गा. पण विनवणी शेवटाकडे येते तसे अलंकार गळून पडतात आणि उरतो साधा, उघडा आवाज. अलंकार कुठे घालायचे हे जितकं महत्त्वाचं तितकंच ते कुठे टाकून द्यायचे हेही, आणि ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे मी वेगळं समजवायला नको. (ख्यालाशी सरसकट तुलना मी करत नाहीये, इथे हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचं, बंधन असतं, त्याने खूप फरक पडतो.)

आणि जर्मन संगीतकार बाखचं बघा. त्याने बरेचसे अलंकार स्वतःच लिहून टाकले, तर १७३७ मध्ये शायबं नावाच्या टीकाकाराने त्यावरूनच त्याला धारेवर धरलं! म्हणजे त्या काळी सगळं लिहिणं हाच दोष. बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमान्युएलने, १७५३ च्या आपल्या पुस्तकात स्वच्छ सांगितलंय की वाजवणारा स्वतः हलल्याशिवाय ऐकणाऱ्याला हलवू शकत नाही. निरोप्याला हे कोण सांगेल?

म्हणून विनंती, पुरवणीत या काळावर जाणकाराकडून एक सविस्तर लेख घ्या, त्यासोबत ते कोरेल्लीचं पान मोठं छापा, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या आणि परीक्षकांच्याही नजरेला पडेल. आमच्याकडे त्याची प्रिंट स्टँडवर लावलीय. मुलगी आधी साधी ओळ वाजवते, मग पानाकडे न बघता स्वतःची, आणि कालची परवासारखी नव्हती.

कळावे,
आपली एक नियमित वाचक, पुणे