दाणोलीच्या गॅरेजवाल्या दादांचे आभार

आंबोली घाट उतरताना बाईकचा पुढचा ब्रेक गेला. लिव्हर थेट हँडलला टेकत होता. मागे आई. पहिल्या गिअरवर, मागच्या ब्रेकच्या जोरावर दाणोली गाठली. दादांनी अर्धं ओढलेलं शटर परत वर केलं. जुनं ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, उतारावर तापून त्यात वाफ धरते आणि ब्रेक लागत नाही, हे त्यांनी नीट समजावलं. सीलबंद डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं, चाकाजवळच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) हवा काढायच्या निपलला नळी लावली. पोऱ्या लिव्हर दाबून धरायचा, दादा निपल ढिला करून लगेच आवळायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. सांडलेले थेंबही रंग जाऊ नये म्हणून पाण्याने धुतले. घाबरलेल्या आईला घरातून गरम पेज आणून दिली. शिवाय सावंतवाडीपर्यंत सोबत आले, पैसे मात्र फक्त ऑइलचे घेतले. दादा, तुमचे आणि त्या पोराचे मनापासून आभार. आई रोज तुमची आठवण काढते.