अप्पांचा न दुखणारा पाय

पुणे, 11 फेब्रुवारी

प्रिय बंडू,

काल तुझा फोन झाला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. मधुमेह असलेल्या काकूंचा उजवा पाय सुजलाय, लाल झालाय, हाताला गरम लागतो, पण दुखत नाही. एक्सरे नॉर्मल आलाय आणि कुणीतरी सीटी स्कॅन करा म्हणालंय. करावा का, असं तू विचारलंस. शेजारी अप्पा बसले होते म्हणून मी तुटकच बोललो. आता सगळं लिहितो.

आधी एक कर. काकूंना पलंगावर बसव आणि तो पाय जमिनीला टेकू देऊ नकोस. बाथरूमलासुद्धा व्हीलचेअरवरून ने. स्कॅन दोन दिवसांनी झाला तरी चालेल, पायावरचा भार मात्र आजच उतरला पाहिजे. आणि जखम, पू, ताप, काळसर पडलेलं बोट, यातलं काहीही दिसलं तर स्कॅनची वाट न बघता आजच हॉस्पिटल गाठ.

आमचं चुकलं ते इथंच. अनंत चतुर्दशीला अप्पा सकाळपासून बेलबाग चौकात उभे होते. मानाचे पाचही गणपती डोळे भरून पाहिल्याशिवाय ते घरी येत नाहीत, तुला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी डाव्या पायात चप्पल चढेना. "दुखत नाही रे, उभं राहून सूज आलीय," म्हणाले. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी एक्सरे पाहून हाडं ठीक आहेत म्हणून सांगितलं आणि अँटिबायोटिक दिलं. असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत अप्पा रोज तुळशीबागेपर्यंत चालत जात होते, दोनदा पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून आले, आणि मी अडवलं नाही. 25 वर्षं मधुमेह असलेला आपला बाप हौसेनं चालतोय, याचं मला कौतुकच वाटत होतं. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

पाय मधोमध पसरट दिसायला लागला तेव्हा कुठे मधुमेही पायांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अप्पांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवला. 10 ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. "लागलं की हो म्हणा." अंगठा झाला, चवडा झाला. धागा वाकत होता आणि अप्पा शांत बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "डॉक्टर, सुरुवात कधी करताय?" माझ्या पोटात गोळा आला.

त्यांना शंका होती शार्को फूटची. मज्जारज्जूच्या आजारात सांधे असे खचतात हे फ्रान्सच्या शार्को यांनी 1868 मध्ये लिहून ठेवलं होतं. मधुमेहातही तेच होतं हे जॉर्डन यांनी 1936 मध्ये दाखवलं. नसा बधिर झालेल्या असतात, बारीक मोड झालेला कळत नाही, माणूस चालत राहतो, सूज हाडांना आणखी ठिसूळ करते आणि पायाची कमान ढासळते. सुरुवातीला एक्सरे अगदी स्वच्छ येऊ शकतो. हाडाच्या आतली ती पहिली सूज दिसते एमआरआयमध्ये, साध्या सीटीत नाही. म्हणून काकूंच्या बाबतीत आधी एमआरआयबद्दल विचार. अप्पांचा पेसमेकर जुना, एमआरआय चालत नव्हता, म्हणून आमच्या वाट्याला सीटी आला.

सीटीला जेमतेम पाच मिनिटं लागली, इंजेक्शन नाही, काही नाही. नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर अप्पांचा पाय हळूहळू फिरवून दाखवला. पायात 26 हाडं असतात. त्यातली मधली, पाचरीच्या आकाराची हाडं जागेवरून सरकलेली, कडांचे बारीक तुकडे पडलेले, पाटा-वरवंट्यानं खडीसाखर ठेचावी तसे. एक्सरेत हाडं एकावर एक पडतात म्हणून जे झाकलं जातं, ते इथं कापाकापानं उघडं झालं होतं. इतकं मोडलेलं घेऊन हा माणूस पर्वती चढून आला होता! कुठलं हाड तुटलंय, कुठे सरकलंय, ऑपरेशन लागलंच तर कसं करायचं, पायात गॅस करणारा जंतुसंसर्ग आहे का, यासाठी सीटी फार उपयोगी आहे. हाडात जंतू शिरलेत का हे सुरुवातीला ओळखायला मात्र एमआरआयच बरा.

त्याच चित्रात रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. भिंतींत कॅल्शियम साठलेलं. अशा वाहिन्या दाबल्या जात नाहीत, त्यामुळे घोट्याशी मोजलेला दाब खोटाच चांगला येतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब आणि डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करून घ्या. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, सुचवलीच तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करा, काकू मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात हेही सांगा, कारण त्यात आयोडीनचं औषध शिरेतून देतात आणि किडनी कमजोर असली तर गोळी थांबवावी लागते. गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्यांत त्या कॅल्शियममुळे अँजिओतही नीट दिसत नाही.

अप्पांना गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, तळव्याला सगळीकडे सारखं चिकटून बसणारं, म्हणजे भार एका जागी येत नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी हे प्लास्टर वापरलं होतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. सूज उतरली की ते सैल होतं, म्हणून सारखं बदलावं लागतं. चार महिने झाले. दर खेपेला दोन्ही पायांचं तापमान मोजतात. फरक 2 अंश सेल्सिअसच्या आत येऊन टिकला की पाय शांत झाला असं धरतात. मागच्या खेपेला पहिल्यांदा तो 2 च्या खाली आला. अप्पांनी रिक्षातच हात जोडले.

काकूंची जोडवी आजच काढून ठेव. स्कॅनला धातू चालत नाही हे एक, आणि सुजलेल्या बोटांत ती रुतली तर त्यांना कळणारसुद्धा नाही. त्या कुरकुरतील, पण वहिनींनी सांगितलं की ऐकतील.

इकडे आणायचं ठरलं तर गाडी कळव. स्टेशनवर मी व्हीलचेअर घेऊन उभा असेन. आमच्या वाड्याचा जिना काकूंना झेपायचा नाही, म्हणून ताईच्या कोथरूडच्या तळमजल्यावरची खोली आजच रिकामी करून घेतलीय. तो नॉर्मल एक्सरेही बरोबर घेऊन ये, टाकून देऊ नकोस.

तुझा,
आबा